धुऊन जाणारी पट्टी

११ जानेवारी

आज परत गाळ.

आठवडाभर पेशी वाढवल्या, फोडल्या, त्यातलं प्रथिन वेगळं काढलं, आणि सकाळी नळी उजेडात धरली तर तळाशी चुन्यासारखा पांढरा थर. संपलं. एवढं दांडगं प्रथिन — पेशीच्या भिंतीतून कितीतरी वेळा आत-बाहेर विणलेलं, मूत्रपिंडात बसून वाहून चाललेलं मीठ अंगात परत ओढणारं — आणि भिंतीतून सोडवलं की स्वतःच्याच अंगावर कोसळतं.

म्हातारा दारातून डोकावला. म्हातारा म्हणजे आमचे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख. तोंडावर सर; इथे कोण ऐकतंय! नळीकडे बघून म्हणाला, हात थंड ठेवत जा. माझे हात! स्वतः नळी शेवटची कधी धरली होती, ते त्याला तरी आठवत असेल का?

१४ जानेवारी

साबण बदलून बघते. त्याला विचारणार नाही.

२३ जानेवारी

लिहून ठेवते, नाहीतर उद्या हेही 'आपण केलं' होईल.

हे प्रथिन पेशीच्या भिंतीत बसतं, आणि ती भिंत म्हणजे चरबी. चरबीतून काढायचं तर साबण लागतो — भांड्यांना लागतो तसाच, फक्त नखरेल. आमच्याकडे म्हाताऱ्याच्या तरुणपणापासून एकच साबण, कडक. वेदवाक्यच ते. मी सौम्य घेतला. मग मिळालेला माल जेलवर चढवला. जेल म्हणजे काचेमागचा तो पातळ, थरथरता पापुद्रा. त्यात प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी होऊन पट्ट्या दिसतात. मोठ्या पट्टीच्या बरीच खाली दुसरी, छोटी पट्टी. ठसठशीत.

नवी नाही ती. ती नेहमीच होती, पुसट, बोट लागल्यासारखी. आणि आम्ही फोटो छापायला देताना तेवढा भाग कापून टाकत आलो. मळ म्हणून!

मळ नाहीये. दुसरं प्रथिन आहे, लहानसं, थोरल्याला बिलगून राहणारं. कडक साबणाने ते धुऊन जायचं, आणि मागे एकटं राहिलेलं थोरलं कोसळायचं. मी तिला पाठराखीण म्हणणार. कुणी हसायचं तर हसा.

२४ जानेवारी

दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं. "मळ असेल. पुन्हा करा."

शाबास तर लांबच. साबण कुठला वापरला एवढंसुद्धा विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

पुन्हा केलं. मग आणखी पुढे गेले — पेशींना दोन्ही प्रथिनं बरोबरच बनवायला लावली, थोरलं आणि पाठराखीण. आज सकाळी नळी नितळ. दुपारी नितळ. बाहेर काढून टेबलावर तशीच ठेवली, मुद्दाम, कुणाच्याही थंड हाताशिवाय. संध्याकाळी निघताना बघितली तर नितळच.

काय होत असणार ते आता दिसतंय. थोरलं एकटं तयार झालं की त्याची नीट घडी बसत नाही. पेशीत तपासनीस असतात. बिनघडीचा माल ते पुढे जाऊ देत नाहीत. आधी अडकवून ठेवतात, मग फाडून मोडीत काढतात. पाठराखीण मात्र थोरलं तयार होत असतानाच त्याला धरते. घडी बसते, ते भिंतीपर्यंत पोचतं, आणि तिथे टिकतं. ती स्वतः मिठाचा एक कणही वाहत नाही. तिचं काम एवढंच.

बैठकीत म्हातारा म्हणाला, "आपल्याला जे सापडलंय ते छापून येईपर्यंत एक शब्दही या खोलीबाहेर जाता कामा नये. दुसरीकडेही लोक याच्याच मागे आहेत." कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

आपल्याला! मी पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसले. शेजारी मौनीबाबा मान डोलवत होता. हा आमचा सहकारी. शेजारच्याच टेबलावर काम करतो आणि शब्द असे खर्च करतो की जणू ते त्याच्या पगारातून कापले जाणार आहेत.

१२ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीकडे गेले होते. ठमीचं परत तेच. (ठमी म्हणजे धाकटीची लेक. तिसरीत आहे, पण वर्गात उभी राहिली तर पाहुणी वाटते, एवढीशी.) पिंडऱ्यांत गोळे येतात, सारखी तहान, सारखी लघवी, आणि मीठ. बरणी वरच्या फळीवर ठेवली तर खुर्ची ओढून चढते. तळहातावर घेऊन मांजरासारखी चाटते.

मला विचारते, "मावशी, तुझ्या प्रयोगशाळेत मीठ असतं?"

म्हटलं, पोती भरून.

"मग मला तिकडेच नोकरीला ठेव ना."

सगळे हसलो. धाकटी हसता हसता ओट्याकडे वळली आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिली. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखव असं मी गेल्या वर्षीच म्हटलं होतं. मीठ चाटणारी मुलगी बघून मला दुसरं काय सुचणार! आता कुठे दाखवलंय. रक्त तपासणीला गेलं आहे.

२० फेब्रुवारी

ठमी शाळेत पडली. दवाखान्यात ठेवलंय. रक्तातले क्षार तळाला गेलेत.

डॉक्टरीणबाई बोलायला तुटक, पण डोक्याने पक्क्या वाटल्या. मीठ परत ओढणारं जे थोरलं प्रथिन, त्याच्याच जनुकात दोष असणार असा त्यांचा कयास आहे. जनुक म्हणजे ते प्रथिन कसं बांधायचं याचा पेशीजवळचा आराखडा. माझं अख्खं आयुष्य ज्या एका प्रथिनामागे गेलं, ते आमच्याच घरात बिघडलेलं निघायचं! देवाला विनोदाची फार हौस.

२७ फेब्रुवारी

निकाल आला. जनुक स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आम्ही एकमेकींकडे बघतोय, आनंद करायचा की काय करायचं. तेवढ्यात एक समुपदेशक बाई आल्या. लोण्यासारखा आवाज. धाकटीला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. घरात कुणाला रक्तदाब आहे का? सासूबाईंना आहे. त्यांना लघवी होण्याच्या गोळ्या आहेत ना? कुठे ठेवता? मुलीला कधी चुकून दिल्या गेल्या का?

त्या गोळ्या चोरून दिल्या तर असंच होतं म्हणे. मीठ जातं, गोळे येतात, वाढ खुंटते. जनुकात दोष नाही, म्हणजे कुणीतरी देतंय. कुणीतरी म्हणजे आई. अशा आया असतात म्हणे — मूल आजारी राहिलं की त्यांना किंमत मिळते.

धाकटीने विचारलं, लघवी तपासलीत ना तुम्ही, गोळीचा अंश सापडला का? तर म्हणे, रोज देत नसाल.



२८ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना लक्षात आलं आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

थोरल्याचं जनुक स्वच्छ आहे. ठीक. पाठराखिणीचं कुणी बघितलंय? बघणार कसं — ती आहे हेच त्या खोलीबाहेर कुणाला माहीत नाही! ती मोडकी असेल तर थोरलं कितीही निर्दोष असो, घडी बसणार नाही, भिंतीपर्यंत पोचणार नाही, तपासनीस फाडून टाकणार. मीठ जाणारच.

धाकटी पोरीला काही घालत नाहीये. मला कळलंय. आणि हे मला कळूनही कुणाला सांगायचं नाही, अशी माझीच सही आहे.

१ मार्च

म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. ठमी, गोळ्या, धाकटी. पाठराखिणीच्या जनुकाचा क्रम डॉक्टरीणबाईंना देऊ द्या, म्हटलं, दुसरं काही मागत नाही. माझं नाव लेखातून काढलंत तरी चालेल.

तो खिडकीबाहेर बघत होता. खाली कुणी गाडी मागे घेत होतं, ते बघत होता बहुतेक. मग म्हणाला, "घरचं प्रकरण प्रयोगशाळेत आणायचं नाही. त्या मुलीबद्दल इथे पुन्हा बोलू नका. आणि उद्यापासून पाठराखिणीच्या कामाला तुम्ही हात लावायचा नाही."

पाठराखीण म्हणाला. माझा शब्द. शब्दही घेतला आणि तीही घेतली.

इतकी वर्षं या माणसाच्या कडक साबणाने हात सोलून घेतले मी.

२ मार्च

फ्रीजमधला माझा कप्पा रिकामा. नळ्या मौनीबाबाकडे. किल्लीसुद्धा.

६ मार्च

गेली ती सही खड्ड्यात, म्हटलं, आणि सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंसमोर बसले. मी सुरुवात केली न केली तोच त्यांनी हात वर केला.

"तुम्ही मुलीच्या मावशी आहात. या बाबतीत तुमच्याकडून मी एक अक्षरही ऐकून घेणार नाही."

मी म्हटलं, ऐकून तर घ्या. त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

परत येऊन ईमेल केला. उत्तर आलं — 'न वाचता काढून टाकला आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.'

माणसं शिकली की त्यांच्या कानांत बोळे बसवून मिळतात का कुठे?

१५ मार्च

ठमी अजून वॉर्डातच. सलाईन लावलं की टवटवीत होते, काढलं की दोन दिवसांत मलूल. धाकटीला आत सोडतात, पण परिचारिका खोलीत असतानाच. आज मी होते तेव्हा धाकटी तिला भरवत होती आणि परिचारिका धाकटीच्या हातांकडे बघत होती. घासाकडे नाही, हातांकडे. धाकटीने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच.

ठमी म्हणाली, आई, तुला उकडतंय का?

घरी मेव्हण्याने सासूबाईंच्या गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय. धाकटी म्हणते, बरंच झालं, उद्या कुणी बोट दाखवायला नको. पण किल्ली त्याने स्वतःच्या खिशात ठेवली. ते ती बोलली नाही; मी बघितलं.

२१ मार्च

मौनीबाबाच्या टेबलावर दोन रांगा. एका रांगेच्या नळ्यांवर 'क', दुसरीवर 'ख'. 'क' नितळ. 'ख'मध्ये गाळ. सगळ्यांत!

माझ्या हातात आरशासारखं राहणारं प्रथिन याच्या हातात निम्मं नासतंय. विचारलं, हे काय चाललंय? म्हणाला, "सरांना विचारा." मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटून हात धुवायला गेला. किती वेळ धूत होता!

याच्या नावाने उद्या लेख निघेल. निघू दे. वर नाव कुणाचं असेल ते ठाऊकच आहे.

२८ मार्च

तक्रार दिली. संस्थेच्या संचालकबाईंच्या हातात, स्वतः जाऊन. एका मुलीचं आणि तिच्या आईचं आयुष्य ज्यावर अवलंबून आहे अशी माहिती प्रमुखांनी केवळ पहिलं येण्याच्या हव्यासापोटी दडपून ठेवली, असं स्पष्ट लिहिलं. बाईंनी दोनदा वाचलं. विचारलं, "हे मागे घेता येणार नाही, माहीत आहे ना?"

म्हटलं, मागे घेण्यासाठी दिलं नाही.

बाहेर येऊन जिन्यात बसले थोडा वेळ. छान वाटलं. खोटं कशाला बोलू.

९ एप्रिल

चौकशी समिती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पाच माणसं. मी बोलले. धाकटीचंही सगळं सांगितलं. मग म्हाताऱ्याला विचारलं — यांनी ही माहिती दवाखान्याला देण्याची परवानगी मागितली होती? होय. तुम्ही नकार दिलात? यांना नकार दिला, होय. कारण?

"मला काही सांगायचं नाही."

पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. संचालकबाई जवळजवळ विनवण्याच्या सुरात म्हणाल्या की काहीतरी बोला, नाहीतर आम्हाला एकच अर्थ काढावा लागेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. चिडलेला असता तर मला बरं वाटलं असतं. तसा नव्हता. दमलेला होता.

मग म्हणाला, "काढा."

मस्ती! या वयातही. समितीसमोरसुद्धा माफीचा एक शब्द नाही.

१६ एप्रिल

म्हाताऱ्याला प्रमुखपदावरून काढलं. निवृत्तीला थोडेच महिने होते. ते घरी बसून काढायचे. तात्पुरता भार माझ्याकडे.

तीन खोकी झाली त्याची. दोन स्वतः उचलली, तिसरं मौनीबाबाने. बाकी कुणी जागचं हललं नाही. कालपर्यंत याच्या मागेपुढे करणारे सगळे आज सूक्ष्मदर्शकात डोळे खुपसून बसले होते. घर फिरलं की वासे फिरतात — पुस्तकात वाचलं होतं, आज बघितलं. आणि घर मी फिरवलेलं.

दारातून जाताना मला म्हणाला, "सौम्य साबण चांगला निवडलात. तेव्हा सांगायचं राहिलं."

आत्ता सांगतो! बरोबर खोकं हातात असताना. माणसाच्या मनाला टोचणी लावायची कलाच असते एकेकाला. दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

१७ एप्रिल

धाकटीचा फोन. बालकल्याण समिती पुढच्या आठवड्यात बसणार. ठमीला आईपासून वेगळं ठेवायचं का, ते ठरणार.

ती रडत नव्हती. रडली असती तर मला समजूत घालता आली असती. म्हणाली, "ताई, काल ह्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, खरं काय ते मला एकट्याला सांग, मी कुणाला सांगणार नाही." मग म्हणाली, "प्रेमाने विचारलं गं. थोबाडीत मारली असती तर चाललं असतं."

उद्या जाते. आता मावशी म्हणून नाही, प्रमुख म्हणून. संस्थेचा शिक्का घेऊन. बघू डॉक्टरीणबाई कशा दार उघडून धरतात!

१८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी माझा कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाल्या, हा क्रम आमच्याकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून आहे. तुमच्या सरांनी स्वतः आणून दिला. त्यांची एकच अट होती — मावशीचा हात कशाला लागता कामा नये, आणि निकाल येईपर्यंत तिला कळताही कामा नये; नाहीतर घरच्यांनीच हे रचलं असं बालकल्याण समितीत कुणीही म्हणेल, आणि आई कायमची अडकेल. ठमीच्या पाठराखिणीत दोष सापडला आहे. तुमच्याच प्रयोगशाळेत निर्दोष आणि सदोष पाठराखीण पेशींमध्ये करून बघितली, नावं झाकून, नुसतं 'क' आणि 'ख'. काल पक्कं झालं. आईवर आता काहीही नाही.

तशीच सरांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "मुलीच्या आईला सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं.